जुनी आणि कोवळी ऑस्ट्रेलियन वाईन शेजारी-शेजारी: जोड्या, पद्धत आणि फसण्याच्या जागा

द्राक्षवेल

ऑस्ट्रेलियात होणारी बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच केलेली असते. ती दहा वर्षं ठेवली तर नुसती शिळी होते. ठेवल्याने खरोखर बदलणाऱ्या आणि सुधारणाऱ्या वाईन्स मोजक्या आहेत. त्या जुन्या-नव्या एकत्र कशा चाखायच्या, यासाठी हा धागा.

पहिला नियम जोडीचा. तुलना एकाच लेबलची करा: तोच मळा, तोच वाईनकर्ता, दोन वेगळी वर्षं. दहा वर्षांची बरोसा शिराझ आणि यंदाची कुनवारा कॅबर्ने समोर ठेवली (बरोसा, कुनवारा हे प्रदेश; शिराझ, कॅबर्ने या लाल वाईनच्या द्राक्षाच्या जाती) तर फरक वयाचा, द्राक्षाचा की मातीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. एकच लेबल घेतलं तरी तीन गोष्टी मिसळलेल्या राहतात: वय, त्या वर्षीचं हवामान आणि बाटलीचं आयुष्य, म्हणजे बूच कोणतं आणि ती कुठे पडून होती. साउथ ऑस्ट्रेलियात २०११ हे थंड, पावसाळी वर्ष होतं, बुरशीही भरपूर. त्या वर्षीची शिराझ २०२१ च्या शेजारी ठेवून 'म्हातारपणी वाईन बारीक होते' असा निष्कर्ष काढला तर तो चूक, कारण ती जन्मतःच बारीक होती. २०१० किंवा २०१२ समोर २०२१ हे जास्त न्याय्य. सिडनीच्या उत्तरेकडच्या हंटर व्हॅलीत २०२० ला वणव्यांच्या धुराने इतकी द्राक्षं वाया गेली की अनेकांनी लाल वाईन केलीच नाही, त्यामुळे ते वर्ष जोडीत धरू नका.

लेबलवरच्या वर्षाबद्दल दोन गोष्टी. ऑस्ट्रेलियन नियमानुसार लेबलवर वर्ष, द्राक्षाची जात किंवा प्रदेश लिहायचा तर किमान ८५ टक्के वाईन त्यातली हवी, म्हणजे १५ टक्क्यांपर्यंत दुसरं काही असू शकतं. आणि तिथली तोडणी साधारण जानेवारी ते एप्रिल असते, त्यामुळे त्याच वर्षीच्या युरोपियन वाईनपेक्षा ती सहा महिन्यांनी मोठी असते. जुन्या बाटल्यांत याने काही बिघडत नाही, पण एक-दोन वर्षांच्या वाईनमध्ये चांगलं जाणवतं.

माझ्या मते सुरुवातीला तीन जोड्या पुरेत:

१. हंटर व्हॅली सेमिलॉन (पांढरी), १-२ वर्षांची आणि ८-१२ वर्षांची.
२. साउथ ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर किंवा ईडन व्हॅलीची रीसलिंग (हीही पांढरी), यंदाची आणि १० वर्षांच्या आसपासची.
३. एक लाल: बरोसा शिराझ किंवा कुनवारा कॅबर्ने, ३ वर्षांची आणि १५ वर्षांची.

आठ माणसं, सहा बाटल्या. प्रत्येकी ५० मिली ओतली तर बाटलीतले ४०० मिली जातात आणि ३५० उरतात. हे उरलेलं संपवायची घाई करू नका, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी तेच बरंच काही सांगतं. माणशी ३०० मिली होतात. १३ टक्के अल्कोहोल धरलं तर सुमारे ३१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे ऑस्ट्रेलियन मोजणीने तीन स्टँडर्ड ड्रिंक. थुंकायला प्रत्येकासमोर भांडं हवंच. तरीही गाडी घरी ठेवून या.

---

सिडनीकर

उत्तम धागा. सेमिलॉनबद्दल थोडी भर घालतो, कारण तुलनेसाठी जगात याहून चांगली वाईन सापडणं कठीण.

हंटर व्हॅली तशी गरम आणि दमट. पण सेमिलॉनची तोडणी साखर चढायच्या आधीच, बहुधा जानेवारी ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला होते. अल्कोहोल १० ते ११.५ टक्के, पीएच बऱ्याचदा ३ च्या आसपास. स्टीलच्या टाकीत आंबवतात आणि ओकच्या लाकडी पिंपाचा स्पर्श न होता काही महिन्यांत बाटलीत भरतात. कोवळी असताना रंग पाण्यासारखा, वासात लिंबाची साल आणि ओलं गवत, तोंडात धारदार आंबटपणा. पहिल्यांदा पिणाऱ्याला ती रिकामी वाटते. आठ-दहा वर्षांनी तीच सोनेरी होते आणि तिला लोणी लावलेल्या भाजक्या पावाचा, मधाचा, थोडा लोकरीचा वास येतो. न सांगता दिली तर भलेभले 'ओकमध्ये ठेवलेली शार्डने' म्हणतात. हा भाजका वास फक्त बाटलीत पडून राहिल्याने आलेला असतो, लाकडाचा त्यात काही संबंध नाही. वयाचा परिणाम वेगळा काढून दाखवणारी इतकी स्वच्छ जोडी दुसरी नाही.

टिरल्स कंपनीची व्हॅट १ (पहिलं वर्ष १९६३) हे यातलं मोठं नाव. कंपनी ती स्वतःच साधारण पाच वर्षं थांबवून बाजारात आणते, म्हणून दुकानातली 'नवी' व्हॅट १ ही कोवळी नव्हे. जोडीतली कोवळी बाजू हवी असेल तर त्यांचीच साधी हंटर सेमिलॉन घ्या, फक्त मळा एकच असणार नाही हे लक्षात ठेवा. माउंट प्लेझंटची एलिझाबेथ बाटलीत मुरवून विकण्यासाठीच ओळखली जाते आणि खिशाला तुलनेने हलकी आहे.

लिलावात फार जुन्या बाटल्या दिसल्या तर लेबल नीट वाचा. एके काळी तिथे सेमिलॉनच 'हंटर रिव्हर रीसलिंग' नावाने विकली जायची. ती रीसलिंग समजून ईडन व्हॅलीशेजारी ठेवली तर सगळी तुलना गडबडते.

जाता जाता: कमी पीएच (म्हणजे जास्त आम्ल) आणि कमी अल्कोहोल हे वाचून कुणी ती नाजूक समजू नये. टिकते ती याच आम्लामुळे.

---

नवखा_पेला

आधी कोणती चाखायची, जुनी की नवी? आणि रीसलिंगला रॉकेलचा वास येतो म्हणतात तो दोष की गुण?

---

द्राक्षवेल

@नवखा_पेला, लाल जोडीत आधी जुनी. कोवळ्या बरोसा शिराझमध्ये १४.५-१५ टक्के अल्कोहोल, ताजं ओक आणि भरपूर टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) असतं. ते तोंडात गेल्यावर जुन्या वाईनचे चामड्याचे, ओल्या मातीचे, सुक्या फळांचे हलके वास सापडत नाहीत. जुनी मेलेली वाटते आणि दोष तिच्या माथी येतो.

---

सिडनीकर

इथे मी असहमत. आधी कोवळी चाखली तरच काय बदललं ते कळतं. जुनीपासून सुरुवात केली की माणूस तिच्या वासात रमतो आणि कोवळीला 'कच्ची' ठरवून मोकळा होतो. पांढऱ्यांत तर नेहमीच कोवळी आधी.

---

तुरट

दोघांचंही काही अंशी बरोबर, पण हा वाद पेले वाढवले की मिटतो. दोन्ही पेले एकाच वेळी भरा. आधी फक्त रंग आणि वास, दोन्हींचा, आलटून पालटून, पाच मिनिटं. तोंडात काहीही घालायचं नाही. मग लाल असेल तर जुनीचा घोट आधी, पांढरी असेल तर कोवळीचा. मग उलट. आठ माणसांना १६ पेले लागतात. जोडी संपली की पेले पाण्याने धुऊ नका, क्लोरीनचा वास राहतो. पुढच्या वाईनचा एक चमचा घालून फिरवून ओतून द्या. कपाटात उपडे ठेवलेले पेले लाकडाचा आणि धुळीचा वास धरतात, ते तासभर आधी सुलटे करून हवेवर ठेवा.

तापमान लिहायचं राहिलं आहे. कोवळी पांढरी ८-१० अंश, जुनी पांढरी ११-१३, लाल १६-१८. 'लाल वाईन खोलीच्या तापमानाला' हे मुंबई-पुण्यात विसरा, खोली ३० अंशांवर असते आणि त्या तापमानाला शिराझमधून फक्त अल्कोहोल नाकात जातं. लाल बाटली वाढण्याआधी १६-१८ अंशांवर येईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. जोडीतल्या दोन्ही लाल एकाच तापमानाच्या हव्यात. दोन अंशांच्या फरकाने टॅनिन वेगळं लागतं आणि तो फरक आपण वयाच्या खात्यावर टाकतो.

आता रॉकेल. जुन्या रीसलिंगमधला तो वास टीडीएन नावाच्या संयुगाचा. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडपासून त्याचं मूळ तयार होतं आणि बाटलीत हळूहळू सुटत जातं. घडांवर ऊन जास्त पडलं की मूळ द्रव्य वाढतं, म्हणून ऑस्ट्रेलियन रीसलिंगमध्ये तो जर्मन वाईनपेक्षा लवकर दिसतो. दहा वर्षांच्या वाईनमध्ये लिंबू, मध, भाजका पाव यांच्यामागे थोडं रॉकेल असेल तर मजा. दोन वर्षांच्या वाईनमध्येच ते पुढे आलं असेल तर मळ्यात पानांची सावली कमी पडली किंवा बाटली गरम झाली होती. हा वास काहींना अजिबात सहन होत नाही आणि ते मुळीच चुकीचे नाहीत.

---

बुचावळ

बुचांचं कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. जुनी-नवी तुलनेत निम्मा गोंधळ बुचाचा असतो.

२००० साली क्लेअर व्हॅलीतल्या वाईनकर्त्यांच्या गटाने मिळून आपली रीसलिंग स्क्रूकॅपमध्ये (फिरवून उघडायचं धातूचं झाकण) भरली. जेफ्री ग्रोसेट त्यात पुढे होते. त्याआधी १९७० च्या दशकात यालुंबा कंपनीने आपल्या प्यूसी व्हेल मळ्याच्या रीसलिंगला स्क्रूकॅप लावून पाहिली होती, पण गिऱ्हाइकाला ती स्वस्त वाटली आणि प्रयोग बारगळला. म्हणजे १९९८ ची क्लेअर रीसलिंग बहुधा बुचाची आणि २००८ ची स्क्रूकॅपची. या दोघींमध्ये जो फरक दिसेल तो फक्त दहा वर्षांचा नसून बुचाचाही आहे.

बूच किती फरक करतं याचा स्पष्ट पुरावा ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटने दिला. १९९९ च्या एकाच क्लेअर सेमिलॉनला त्यांनी १४ प्रकारची झाकणं लावली. काही वर्षांनी त्या बाटल्या ओळीने ठेवल्या तेव्हा एका टोकाला फिकट पिवळी आणि दुसऱ्या टोकाला तपकिरी वाईन होती. कृत्रिम बुचांची आधी गेली, स्क्रूकॅपची सर्वांत ताजी राहिली. मात्र त्याच चाचणीत स्क्रूकॅपच्या वाईनमध्ये रबर किंवा विझलेल्या काडीचा वासही नोंदवला गेला.

तोच वास जुन्या स्क्रूकॅप बाटलीत आला तर लगेच फेकू नका. ऑक्सिजन न मिळाल्याने गंधकाची संयुगं साठलेली असतात. भांड्यात ओतून १५-२० मिनिटं हलवा. गेला नाही तर एका पेल्यात स्वच्छ घासलेली तांब्याची तार दोन मिनिटं बुडवा आणि न बुडवलेल्या पेल्याशेजारी हुंगा. वास गेला म्हणजे साधा हायड्रोजन सल्फाइड, थोडाच कमी झाला म्हणजे हट्टी संयुगं, ती जात नाहीत. हा पेला फक्त तपासणीचा, नंतर ओतून द्या.

खऱ्या बुचाची मोठी बाधा टीसीए, म्हणजे बुचातून वाईनमध्ये उतरणारं एक संयुग. त्याचा वास: ओलं गोणपाट, कुजका पुठ्ठा. हवेत ठेवल्यावर गंधकाचा वास घटतो आणि टीसीएचा वाढतो, ओळखायची सोपी खूण हीच. बाधा सौम्य असेल तर गोणपाट जाणवत नाही, फक्त फळ हरवतं, आणि मंडळी म्हणतात 'वय झालंय हिचं'. म्हणून १५ वर्षांच्या वरच्या बुचाच्या वाईनची शक्य असेल तर राखीव बाटली ठेवा. जुन्या बुचाच्या बाटल्या एकाच खोक्यातल्या असल्या तरी सारख्या निघत नाहीत.

---

गाळणी

जुनी लाल उघडण्याची पद्धत, कारण इथेच चांगल्या बाटल्या वाया जातात.

आडवी ठेवलेली बाटली दोन दिवस आधी उभी करा, किमान २४ तास. गाळ तळाशी बसायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर तिला हलवायचं नाही, टेबलापर्यंतही हळूच. फॉइल बाटलीच्या ओठाखाली पूर्ण कापा, तोंड ओल्या कापडाने पुसा. १५ वर्षांवरचं बूच स्क्रूने ओढलं तर मधोमध तुटतं. दोन पात्यांचा ओपनर घ्या, लांब पातं आधी, डावीकडे-उजवीकडे डोलवत आत, मग फिरवत वर. तो नसेल तर लांब स्क्रू तिरका घाला आणि अगदी सावकाश ओढा. बूच आत पडलं तरी वाईन खराब होत नाही, गाळून घ्या.

ओतताना बाटलीच्या मानेखाली टॉर्च किंवा मोबाईलचा दिवा ठेवा. एकाच संथ धारेत, मध्ये थांबून बाटली उभी करायची नाही, नाहीतर गाळ परत ढवळला जातो. मानेत काळसर रेघ दिसली की थांबा. साधारण ४०-६० मिली राहतात. ते मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळता येतात, कापड साबणाशिवाय धुतलेलं हवं. पण ते तुलनेच्या पेल्यात मिसळू नका, त्याची चव कडवट आणि खरखरीत लागते.

जुनी लाल तासन्‌तास आधी ओतून ठेवायची नाही. गाळापुरती ओता आणि लगेच वाढा. पंधरा-वीस वर्षांपलीकडची काही वाईन अर्ध्या-एक तासात ढेपाळते. उलट कोवळ्या बरोसा शिराझला दीड-दोन तास हवा द्या. हे दोन वेगळे नियम एकत्र सांभाळायचे तर कोवळी आधी उघडा आणि जुनी माणसं बसल्यावर. माणसं उशिरा येणार असतील तर जुनीचं फॉइलसुद्धा काढू नका.

---

पुणेरी_फोड

सगळं ठीक, पण शेवटी जुनी चांगली की नवी? इतकी यातायात करून उत्तर 'दोन्ही वेगळ्या' असं येणार असेल तर दुकानातली ताजी बाटली घेतलेली काय वाईट?

---

तुरट

@पुणेरी_फोड, दहापैकी आठ वेळा ताजीच घ्या, अगदी मनापासून सांगतो. पण 'वेगळ्या' म्हणजे नेमकं काय, हे कळलं तर उरलेल्या दोन वेळा पैसे योग्य जागी जातात.

लाल वाईनमध्ये वयाने काय होतं ते पाहा. रंगद्रव्यं आणि टॅनिन एकमेकांना चिकटून मोठी होतात, काही गाळ बनून खाली बसतात. म्हणून जांभळा रंग विटकरी होतो आणि हिरड्यांना लागणारा तुरटपणा गुळगुळीत होतो. ताज्या फळांच्या वासाची एस्टरं मोडतात, जांभूळ-तुतीच्या जागी सुके अंजीर, चामडं, तंबाखू येतात. हे सगळं बदलतं. न बदलणारंही ध्यानात घ्या: आम्लता जवळपास तशीच राहते, अल्कोहोल तर मुळीच कमी होत नाही. म्हणून १५.५ टक्क्यांची, अतिपिकलेल्या द्राक्षांची शिराझ 'ठेवू, मऊ होईल' म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. फळ जातं आणि मागे अल्कोहोलची जळजळ उरते. ऑस्ट्रेलियात टार्टारिक आम्ल घालायला परवानगी आहे आणि ते सर्रास घालतात. प्रमाण जास्त झालं असेल तर फळ ओसरल्यावर ते टोचतं. कोवळेपणी जी वाईन तोलात नाही ती म्हातारपणी तोलात येत नाही. निवडीचा माझा एकच निकष हा.

वयाच्या नावाखाली खपणाऱ्या दोन-तीन गोष्टीही वेगळ्या काढा. कुनवारा किंवा व्हिक्टोरियाच्या लाल वाईनमध्ये पुदिना-निलगिरीचा वास आला तर तो वयाचा नाही. मळ्याशेजारच्या निलगिरीच्या झाडांमुळे येतो. झाडांपासून ५० मीटरच्या आतल्या ओळींत तो सर्वांत जास्त सापडतो, तोडणीत मिसळलेल्या पानांनीही वाढतो. नव्वदच्या दशकातल्या लाल बाटलीत बँडेजचा किंवा घोड्याच्या तबेल्याचा वास आला तर ती ब्रेटानोमायसिस यीस्टची करामत. तिला काही जण प्रौढत्व म्हणतात, मी दोष म्हणतो. कोवळ्या, थंड प्रदेशातल्या शिराझमधली काळी मिरी रोटंडोन या संयुगाची, २००८ मध्ये ते शिराझमध्ये ओळखलं गेलं. सुमारे पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. तेव्हा टेबलावर 'मिरी आहे-नाही' वाद झाला तर दोघांचीही नाकं खरं सांगत असतील.

फरक खरंच कळतो का हे तपासायचं असेल तर तीन पेल्यांची चाचणी करा. दोनांत एक वाईन, तिसऱ्यात दुसरी, डोळ्यांवर पट्टी किंवा काळे पेले, कारण रंगच उत्तर सांगून टाकतो. वेगळा पेला ओळखायचा. आठ जणांत निव्वळ अंदाजाने सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्के आहे. सहाने ओळखला तर फरक आहे असं धरायला हरकत नाही. पाच बरोबर असतील तर अजून काही म्हणू नका. दहा वर्षांचं अंतर असलेल्या सेमिलॉनला ही चाचणी लागतच नाही. चार वर्षांचं अंतर असलेल्या कॅबर्नेला मात्र लावून पाहा, गर्व उतरतो.

---

द्राक्षवेल

ओक आणि वय यांतला घोळ कमी करायला एक चांगली जोडी आहे: पेनफोल्ड्स कंपनीची बिन ३८९ आणि सेंट हेन्री, दोन्ही एकाच, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या सालच्या. बिन ३८९ कॅबर्ने-शिराझ, अमेरिकन ओकच्या पिंपांतली. सेंट हेन्री मुख्यतः शिराझ, पण मोठ्या, जुन्या लाकडी पिंपांत ठेवलेली, नवं ओक नाही. दोन्हींशेजारी त्यांची आजची आवृत्ती ठेवली की चार पेल्यांत बरंच उलगडतं. व्हॅनिला-नारळाचा वास बिन ३८९ मध्ये कोवळेपणी उठून दिसतो आणि जुनीत आत विरतो, सेंट हेन्रीत तो आधीही नसतो.

पेनफोल्ड्सच्या जुन्या बाटल्या विकत घेताना मागच्या बाजूला त्यांच्या क्लिनिकचं लेबल आहे का ते पाहा. १९९१ पासून ते १५ वर्षांवरच्या आपल्या लाल बाटल्या तपासतात, लागलं तर नवं बूच लावतात आणि कमी झालेली पातळी नव्या सालच्या वाईनने भरतात. म्हणजे त्या बाटलीत थोडी कोवळी वाईन आहे. संग्राहकाला चालते, आपल्या तुलनेला मात्र थोडी अडचण.

क्लिनिक न झालेल्या बाटलीत पातळी बघा. सरळ खांद्याच्या बाटलीत मानेच्या तळापर्यंत वाईन असेल तर २० वर्षांना उत्तम. खांद्याच्या वरच्या कडेवर असेल तर जोखीम, खांद्याच्या मध्याखाली असेल तर विकत घेऊ नका, मग ती पेनफोल्ड्सची सर्वांत नावाजलेली ग्रेंज का असेना.

---

तळघर

साठवणुकीबद्दल, खास महाराष्ट्रासाठी. १२-१४ अंश, ६०-७० टक्के आर्द्रता, अंधार, कंप नाही, हे पुस्तकी वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं तापमान, आणि त्यातही चढउतार. एप्रिल-मेमध्ये नागपूर-पुण्याच्या घरात माळ्यावर ठेवलेली बाटली काही आठवड्यांत 'शिजते': फळाचा मुरंबा होतो, रंग वेळेआधी तपकिरी, बूच किंचित वर आलेलं, फॉइलखाली चिकट ओघळ. फॉइल बोटांनी फिरवून पाहा. चिकटलं असेल तर वाईन बाहेर आली आहे.

घरातल्या फ्रिजमध्ये ४-५ अंश असतात. काही महिने चालतात, पण वर्षानुवर्षं ठेवलं तर हवा कोरडी असल्याने बूच आकसतं. स्क्रूकॅपला ही अडचण नाही. वाईन-कपाट घेतलंत तर ते खोलीपेक्षा किती अंश खाली नेऊ शकतं ते विचारा. स्वस्त थर्मोइलेक्ट्रिक कपाटं ४० अंशांच्या खोलीत १३ वर येतच नाहीत, कॉम्प्रेसरचं लागतं.

'मी दहा वर्षं इथेच ठेवीन' या बेतापेक्षा तिथे कंपनीच्या तळघरात मुरलेली म्युझियम रिलीज घेणं शहाणपणाचं. प्यूसी व्हेलची कंटूर्स रीसलिंग त्यांनी पाच वर्षं थांबवूनच काढलेली असते. त्यांचीच साधी, चालू सालची रीसलिंग कोवळ्या बाजूला ठेवली की जोडी तयार.

---

मेलबर्न_मिसळ

खर्चाचा विचार करणाऱ्यांसाठी टाबिल्क कंपनीची मार्सान ही पांढरी वाईन सुचवते. व्हिक्टोरियात नागाम्बी लेक्सजवळचा मळा, तिथल्या काही मार्सानच्या वेली १९२७ च्या आहेत. साधी मार्सान स्वस्त, स्क्रूकॅपची. कोवळी असताना लिंबू आणि थोडी पांढऱ्या फुलांची झाक, पाच-आठ वर्षांत मधाळ आणि भाजक्या बदामाची. दरवर्षी दोन बाटल्या घेऊन ठेवल्या तर पाचव्या वर्षी ओळीने पाच वर्षं चाखता येतात. लाखाची बाटली शोधण्यापेक्षा यात जास्त शिकायला मिळतं.

भारतात नेणाऱ्यांसाठी: शुल्कमुक्त मर्यादा दोन लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या निर्धोक. ऑस्ट्रेलियातून निघण्याआधीच्या ६० दिवसांत एकाच विक्रेत्याकडे ३०० डॉलर किंवा जास्त खर्च झाला असेल तर विमानतळावर टीआरएस या प्रवाशांच्या करपरतावा योजनेतून जीएसटी आणि वाईनवरचा कर परत मागता येतो, बिल जपून ठेवा.

---

पुणेरी_फोड

आणि इथल्या दुकानांत? तो भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार झाला होता ना?

---

तळघर

झाला, २९ डिसेंबर २०२२ पासून लागू. आधी आयातशुल्क १५० टक्के होतं. बाटलीची आयात किंमत ५ अमेरिकन डॉलरच्या वर असेल तर ते १०० टक्क्यांवर आलं आणि १० वर्षांत ५० पर्यंत उतरणार. १५ डॉलरच्या वर असेल तर ७५ वर आलं, उतरत २५ पर्यंत. स्वस्त बाटल्यांना काही सूट नाही, आणि राज्याचं उत्पादनशुल्क वेगळं आहेच. त्यामुळे दुकानात अजूनही चालू सालच्याच बाटल्या जास्त. एखादी जुनी साल दिसली तर ती मुद्दाम मुरवलेली नसून न विकली गेलेली असण्याची शक्यता धरा. दुकानदाराला विचारा ती उन्हाळ्यात कुठे होती. उत्तर टाळलं तर सोडून द्या.

---

नवखा_पेला

खायला काय ठेवायचं? आणि नोंदी कशा करायच्या?

---

गाळणी

चाखताना फक्त साधा पाव आणि पाणी. चकली, फरसाण, लसूण-चटणी, चीजसुद्धा नंतर. चीजचं मीठ आणि चरबी टॅनिन झाकतात, मग कोवळी कॅबर्ने एकदम 'मऊ' वाटायला लागते. तोवर कुणी अत्तर, अगरबत्ती लावू नये. चाखणं संपल्यावर जुनी सेमिलॉन तव्यावरच्या सुरमईबरोबर पाहा, मसाला हलका ठेवून.

नोंदींना एक कागद, प्रत्येक पेल्याला तीन रकाने: ओतल्याबरोबर, २० मिनिटांनी, एका तासाने. रंग पांढऱ्या कागदावर पेला ४५ अंश तिरका धरून, मध्य आणि कड दोन्ही लिहा. वास आधी न फिरवता, मग फिरवून. तोंडात आंबट, तुरट, अल्कोहोलची ऊब, आणि गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती सेकंद टिकली. 'छान', 'भारी' हे शब्द कागदावर नकोत. एका तासाच्या रकान्यात कोवळी वर चढलेली आणि जुनी खाली उतरलेली दिसते, कधी उलटही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या बाटल्या परत हुंगा. कोवळी शिराझ दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागली तर तिच्यात अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत असं मी धरतो.

---

बुचावळ

शेवटी गोड काही ठेवायचं असेल तर व्हिक्टोरियातली रदरग्लेन मस्कट किंवा बरोसाची टॉनी, दोन्ही पिंपात मुरवलेल्या गोड वाईन. पण त्यांना वरचे नियम लावू नका, त्यांचं वय पिंपातलं असतं, बाटलीतलं नाही. बाटलीत भरल्यावर ठेवून फायदा नाही. रदरग्लेनच्या पायऱ्या चार: रदरग्लेन, क्लासिक, ग्रँड, रेअर. सरासरी वय सुमारे ३-५, ६-१०, ११-१९ आणि २० च्या वर. क्लासिक आणि रेअर शेजारी ठेवली की पिंपातलं वय काय करतं ते दिसतं: पिंपातून पाणी उडत राहतं, मनुकांचा अर्क दाट होत जातो, कडेला हिरवट-तपकिरी झाक येते. बरोसातल्या सेपल्ट्सफील्डमध्ये बेन्नो सेपल्टने १८७८ मध्ये एक पिंप शंभर वर्षांसाठी बाजूला ठेवलं, आणि १९७८ पासून दरवर्षी शंभर वर्षांची पॅरा टॉनी निघते.

माणशी १५-२० मिली पुरे, १४ अंशांवर. बाटली उभी ठेवा, उघडल्यावर काही आठवडे टिकते. आणि हा पेला अगदी शेवटचा. त्यानंतर कुठलीही टेबल वाईन चाखली तर ती पाणचट लागेल आणि तिच्यावर अन्याय होईल.